उचकी

हेमांगीने काचेच्या नळीचं केसाहून बारीक टोक पेशीवर टेकवलं आणि मागची रबरी नळी दातांत धरली. पेशीच्या आवरणात क्षारांसाठी इवली दारं असतात, असं प्रयोगशाळेचे प्रमुख रेगेसर वर्षानुवर्षं सांगत होते. दार उघडलं की क्षारांबरोबर वीज वाहील आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढेल, असा त्यांचा हिशोब. ती मात्र नुसती थरथरायची, आणि लोक हसायचे.

तेवढ्यात तिला उचकी लागली. नळीतली हवा ओढली गेली, टोक पेशीला गच्च चिकटलं आणि रेघ एकदम शांत झाली.

"वायर सुटली वाटतं. बंद कर," सर म्हणाले.

"थांबा ना सर, बघू तरी."

रेघ पायरीसारखी वर चढली. थबकली. उतरली. पुन्हा चढली.

"दार उघडतंय," म्हणत सर मटकन खुर्चीत बसले. मग हळूच त्यांनी विचारलं, "उचकी लागली, म्हणजे कुणीतरी तुझी आठवण काढली. कुणी गं?"

हेमांगीने नुसतं पेशीकडे बोट दाखवलं.