बनुबाईचं नाक

धणे तांबूस झाले की उतरवायचे, हे अनुपमा डोळ्यांनी ठरवत होती. तीळ तडतडले की कानांनी. खोबऱ्याला सोनेरी कड आली की पुन्हा डोळ्यांनी. नाकाला तिनं कामच ठेवलं नव्हतं, कारण श्रावणातल्या तापात ते गेलं होतं. म्हणजे जागेवर होतं. वास तेवढा येत नव्हता.

हे फक्त तिच्या नवऱ्याला, विनीतला ठाऊक होतं. "आईला कळू देऊ नको," म्हणाला आणि महाडला कामावर निघून गेला. मदत संपली.

अख्ख्या नाते गावात तिच्या सासूचं, बनुबाईचं नाक म्हणजे हायकोर्ट. दिवाळीच्या आधी घरोघर गोडा मसाला झाला की आळीतल्या बायका चिमूट घेऊन हजर. बनुबाई डोळे मिटून हुंगायची आणि निकाल द्यायची. पुढं अपील नाही. मागं तिच्या धाकट्या जावेचं, ठकूबाईचं नाक गेलं आणि खोबरं करपलं. "जिला वास नाय, तिनं मसाल्याला हात लावू नये," बनुबाई म्हणाली. तेव्हापासून ठकूबाईच्या वाट्याला फक्त लसूण सोलणं आलं.

अनुपमा महाडची, 'बाजारच्या पुडीवर वाढलेली.' लग्न झाल्यापासून ती या कढईची वाट बघत होती. यंदा बनुबाईनं आपण होऊन ती हातात दिली. "गुडघे धरलेत गो माझे. तूच कर."

आता लसूण सोलायला बसायची तिची तयारी नव्हती.

मसाला दळून झाला. डबा भरून ठेवून ती मागच्या दारी हात धुऊन आली, पदर सारखा केला, डबा उचलला आणि ओटीवर सासूपुढं ठेवला.

"काय काय घातलंस?" बनुबाईनं विचारलं.

अनुपमानं सगळं सांगितलं. पूर्वी सासू न विचारता ओळखायची. वय झालं की माणूस चौकस होतं, दुसरं काय.

"दगडफूल?"

"घातलं."

"नागकेशर?"

"घातलं, आई."

बनुबाईनं डबा मांडीवर घेतला. डोळे मिटले, झाकण काढलं आणि असा श्वास ओढला की तिला शिंक आली. बनुबाईनं पुन्हा हुंगलं.

"लवंग जरा पुढं गेली."

"हो का?"

"जराशीच. पण दगडफूल बरोबर. खोबरं तर अगदी टिपेला भाजलंस." तिनं झाकण दाबून बसवलं, मग डोळे उघडले. "मला वाटलं होतं, महाडची पोर काय करणार! पण नाक माझ्यावर गेलंय गो तुझं."

अनुपमाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती वाकून पाया पडली. बनुबाईनंही पदरानं डोळे टिपले.

तेवढ्यात ठकूबाई सोललेला लसूण सुपात घेऊन सैपाकघरातून बाहेर आली.

"जाऊबाय, मघाशी आत डबा ठेवून गेले मी, तो दिसत नाय कुठं." तिची नजर बनुबाईच्या मांडीवर गेली. तिनं डबा उचलून उलटा केला आणि बुडावर कोरलेलं आपलं नाव वाचलं. "ह्यो काय इथं! दिवाळीला नहायला शिकेकाई कुटून आणली होती तुमच्यासाठी."