पिवळी नळी

लेक उद्या समुद्रात खोल बुडी मारणार होती आणि बाबांचा जीव टांगणीला लागला होता. डायव्हिंगच्या दुकानात त्यांनी तिचा मास्क घट्ट बसतो का पाहिलं, हवेच्या टाकीला जोडलेल्या काळ्या नळीतून स्वतः श्वास ओढून पाहिला. जावई आपल्या डायव्हिंगच्या सामानाची बॅग घेऊन बाहेरच उभा होता. लग्नापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते.

“आणि ही पिवळी नळी कशाला?”

“बरोबरच्याची हवा संपली तर त्याला द्यायला,” दुकानदार म्हणाला.

“आणि हिचीच संपली तर?”

“तर तो आपली पिवळी नळी हिला देतो.”

“तो म्हणजे कोण?”

लेकीने दाराकडे पाहिलं.

बाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि दार उघडलं.

“जावईबापू, आत या. आधी तुमची पिवळी नळी बघू.”