पाठमोरी बाई

उत्तरे फार नेमकी जुळत होती, आणि रुपचंदला तेच खटकले. त्याने कॅसेट मागे फिरवून पुन्हा ऐकली. गावातल्या प्रत्येक बाईने एकच वाक्य उच्चारले होते. शब्दांचा क्रम तोच, आवाज खाली नेण्याची जागासुद्धा तीच. "धवया लुगडानी बाई पाठमोरी बसेल शे. जो मानूस तिले दखी, तो आंधया व्हई." पांढऱ्या लुगड्यातली पाठमोरी बसलेली बाई, आणि तिला पाहून आंधळा होणारा पुरुष.

रुपचंद धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. स्नेहसंमेलनासाठी विद्यार्थी व्हिडिओवर भुताचा चित्रपट काढत होते. तो त्यात एकाच अटीवर सामील झाला होता: भूत शेवटी खोटे ठरले पाहिजे. ट्रेलर आसपासच्या गावांत आधी दाखवायचा होता, म्हणून तिथले लोक कशाला भितात हे टेपवर विचारून घ्यायचे ठरले. सोनगीरजवळच्या आपल्या गावाचे काम त्याच्या वर्गातल्या तोतारामने केले होते. तिथे सगळ्यांची भीती एकाच जागेवर येऊन थांबत होती: पडीक वीटभट्टीमागचे बाभळीचे बन. पुरुषांच्या उत्तरांत मात्र काही मेळ नव्हता. कोणाला पैंजण ऐकू आले होते, कोणाला रेड्याएवढी सावली दिसली होती, एकाकडे तर भुताने काडेपेटी मागितली होती. रुपचंदच्या मते खरी भीती अशीच अस्ताव्यस्त असते. तंतोतंत जुळते ती पाठ केलेली साक्ष.

बायकांना हे तूच पढवलेस, असे त्याने तोतारामला सरळ सांगितले. तोताराम आधी हसला, मग चिडला. टेपवर पहिला आवाज त्याच्या आईचा, झुंबरबाईंचा होता. "माझ्या मायला पढवणारा अजून जन्माला यायचाय," तो म्हणाला. त्यावर रुपचंदने ट्रेलरचा शेवट तिथल्या तिथे ठरवला. कॅमेरा भरदिवसा त्या बनात शिरेल, रिकामी जागा दाखवेल, आणि पडद्यावर अक्षरे उमटतील: इथे भूत नाही. जागा मात्र तो आधी स्वतः तपासणार होता.

रविवारी दुपारी दोघे गावात उतरले. शेवटच्या घरापाशी निंबाखाली पुरुष मंडळी बसली होती. बनात कोण सोबत येतो असे विचारताच प्रत्येकाला काहीतरी काम आठवले. तोतारामने लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून आणलेला कॅमेरा मांडीवर घेतला आणि आपण उजेडाचा अंदाज घेत इथेच थांबतो म्हणाला. रुपचंद एकटाच निघाला.

जिथे कोणी फिरकत नाही तिथे गवत माजायला हवे होते. इथे भट्टीला वळसा घालून जाणारी पायवाट होती, अंगणासारखी चोपून बसलेली. बाभळीच्या काट्यांना लुगड्याच्या पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या होत्या. त्याने एक जवळून पाहिली. एवढ्या उन्हात कापड विरायला हवे होते, पण ते स्वच्छ होते आणि गाठ नवी होती. म्हणजे हे भूत कोणीतरी नियमाने दुरुस्त करत होते. त्याच्या मनात पहिला संशय आला हातभट्टीचा. दारू गाळणाऱ्यांना अशी भीती सोयीची असते. त्याने वास घेतला, पिंप किंवा राख कुठे दिसते का ते पाहिले. काहीच नव्हते.

मागे बांगड्या वाजल्या. त्याने वळून पाहिले. वाटेवर झुंबरबाई उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात पाण्याने भरलेले टमरेल होते आणि खांद्यावर नवी पांढरी चिंधी. मागे आणखी बाया होत्या, त्यांच्याही हातात टमरेले. त्याला पाहताच सगळ्यांनी पदर पुढे ओढले.

रुपचंद झटकन पाठमोरा झाला. धुळ्याच्या त्याच्या घरी संडासाच्या दाराला आतून कडी होती. त्या कडीचा त्याने आजवर कधी विचार केला नव्हता.

"अक्का," तो शेवटी बाभळीकडे पाहत म्हणाला, "म्हणजे भूत..."

"भूत नही शे हाई आमले माहीत शे, भाऊ," झुंबरबाई म्हणाल्या. "दुसरा गावन्या बाया अंधारनी वाट दखतस. आम्ही दिवसा येतस."

मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाली, "आटप व माय, भूतले घाई लागेल शे." बाया पदराआड खुसखुसल्या. झुंबरबाई हसल्या नाहीत. ट्रेलरचा शेवट त्यांनी तोतारामकडून ऐकला असावा.

"तू पडदावर सांगशी, ते सकायपाईन मानसे अठे बिड्या फुकत बसतीन. मंग आम्ही कोठे जावानं?"

बाया वाटेच्या कडेला सरकल्या, आणि रुपचंद खाली मान घालून बनाबाहेर आला. मागे वळून त्याने पाहिले नाही.

निंबाखालची मंडळी उठून उभी राहिली होती. तोतारामने कॅमेरा खांद्यावर चढवला होता. उजेड चांगला आहे, आत्ताच जाऊन शेवट उरकू, असे तो म्हणत होता. पाय मात्र जागचे हलत नव्हते. एका म्हाताऱ्याने विचारले की शिकलेल्या माणसाला तिथे काय दिसले.

रुपचंदने तोतारामला कॅमेरा आपल्याच तोंडावर धरायला सांगितला. शेवट इथेच घ्यायचा होता. लाल दिवा लागेपर्यंत तो थांबला. त्याने चष्मा काढला, डोळे चोळले आणि लेन्सच्या किंचित बाजूला पाहत, जणू काही नीट दिसतच नव्हते, तो बोलू लागला.

"धवया लुगडानी बाई पाठमोरी बसेल शे," तो म्हणाला, आणि नेमक्या त्याच जागी त्याने आवाज खाली नेला. "जो मानूस तिले दखी, तो आंधया व्हई."