कानाशी

मनोरमाबाईंनी खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्या स्वयंपाकघरात आल्या.

"काय म्हणाले बाबा?" श्रुतिकानं विचारलं.

"काय म्हणणार? तेच. नको म्हणतात."

श्रुतिकानं मास्क लावला आणि घट्ट केलेल्या सरबताचा पेला वडिलांना नेऊन दिला. पातळ पाणी गोपीनाथरावांना चालत नसे, लगेच ठसका लागे. हृदय बदलून मिळालं होतं आणि ते झकास चालत होतं. पण त्याच ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावली आणि डावा स्वरतंतू हलेनासा झाला. येईल आवाज, वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. डहाणूच्या शाळेत ज्यांच्या एका हाकेनं अख्खं मैदान गप्प बसे, त्या मास्तरांच्या तोंडून आता नुसता वारा यायचा. तो ऐकायला कान अगदी ओठांशी न्यावा लागे, आणि तो मान मनोरमाबाईंचा.

मग त्या तिथूनच जगाला सांगत. हे म्हणतात, चिकू यंदा झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाका. हे म्हणतात, इतक्यात पाहुणे नकोत. गोपीनाथराव मान डोलावत आणि माणसं निमूट ऐकत. आवाज गेला होता, दरारा थोडाच गेला होता?

श्रुतिका तळासरीच्या शाळेत शिकवत होती. नविन त्याच शाळेत गणित शिकवायचा. वेवजीच्या पाड्यावरचा, मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. आजारपणाआधी वडिलांनी एकदाच ठणकावलं होतं, "आपल्यातला नाही. विषय संपला." तेव्हा आईच लेकीला कुशीत घेऊन रडली होती. आताही रदबदली तीच करत होती. त्या घरात बाप मुलीशी लग्नाचं थेट बोलत नसे, जे काही असेल ते आईमार्फत. शिवाय आईनं बजावलं होतं, "त्यांच्यापुढे त्याचं नाव काढू नकोस गं. काळीज नवं आहे, राग सोसायचा नाही. मी बघते ना."

म्हणून श्रुतिका गोळ्या देई, उशा टेकवे, ठसका लागला की पाठ चोळी आणि आतल्या आत धुमसे. ज्याला जगवायला आपण दवाखाना आणि नोकरी यांत पिळून निघालो, त्याला आपल्यासाठी एवढं एक हो म्हणवत नाही! हल्ली तर धुमसायचंही त्राण उरलं नव्हतं. कधी एकदा पाठ टेकते असं तिला होऊन जाई.

रविवारी सकाळी नविनचा फोन आला.

"रानशेतच्या स्थळाला आज होकार कळवायचाय. माझे बाबा आता थांबायला तयार नाहीत. तू फक्त थांब म्हण, मी थांबतो."

"कशाच्या जोरावर म्हणू? काल पुन्हा नाहीच म्हणाले."

"मी येऊन बोलू का एकदा?"

"नको रे. त्यांना काही झालं तर... कळवून टाक तू."

फोन ठेवून ती मोरीपाशी रडली. मग तोंड धुतलं आणि गोळ्यांचा डबा घेतला. घर कुणाच्या रडण्यासाठी थांबत नव्हतं.

आई माजघरात पांघरूण घेऊन पडली होती. पहाटेपासून शिंका सुरू होत्या, आणि सर्दी झालेल्या माणसाला त्या खोलीत मज्जाव होता.

"त्यांना बोलायला लावू नकोस हं," पांघरुणातून आवाज आला. "दमतात."

गोपीनाथराव उठून बसले होते. त्यांनी लेकीच्या मागे दाराकडे पाहिलं.

"आईला सर्दी झालीय," श्रुतिका म्हणाली. "आज मीच आहे."

त्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत. तिला हातानं जवळ बोलावलं.

"पाणी हवंय? पाठ दुखतेय का?"

त्यांनी मान हलवली आणि ओठांकडे बोट नेलं. श्रुतिका कशीबशी वाकली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिनं कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"तुझ्या नविनला घेऊन ये, म्हणून आईला कितीदा सांगितलं," गोपीनाथराव मध्येमध्ये श्वास घेत म्हणाले. "अजून रागावलाय का गं तो माझ्यावर?"