कुत्रा सोडून

"महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर, काका," घरमालक जिन्यातच उभा राहून म्हणाला. "मुलाचं लग्न ठरलंय. खोल्या त्याला द्यायच्यात. मी तरी काय करू?"

काकांनी नुसती मान डोलावली. मालक वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. अकरा वर्षांत त्यानं कधी आवाज चढवला नव्हता, आत्ताही चढवत नव्हता. भांडायचं तरी कशावरून? काकांच्या पायाशी बसलेल्या मुकादमानं मालकाचे बूट हुंगले आणि तो परत जागेवर जाऊन बसला. दिवसातून चारदा दोन्ही खोल्यांचे कोपरे तपासून यायचा, म्हणून त्या तपकिरी कुत्र्याचं नाव मुकादम.

काका छापखान्यात प्रुफं तपासत. कुठं काना राहिला, कुठं वेलांटी चुकली, कुठं स्वल्पविराम गळाला, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. "काकांनी तपासलेल्या पानात चूक दाखवा, मिशी उतरवतो," असं छापखान्याचा मालक म्हणायचा, आणि त्याची मिशी अजून शाबूत होती. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दार उघडलं की घरात वाट बघणारं असं एकच कुणी होतं, मुकादम.

घर पाहावं बांधून म्हणतात. म्हणणाऱ्यानं कुत्रा घेऊन भाड्याचं घर शोधलेलं नसावं. काकांनी उंबरे झिजवले. एकानं फरशीवर ओरखडे पडतील म्हणून नाही म्हटलं. दुसऱ्यानं विचारलं, "भुंकतो का?"

"अनोळखी माणूस आलं तर थोडा."

"मग नको."

तिसऱ्यानं तर "आमच्या मांजराला विचारून सांगतो" म्हणून थट्टाच केली. काकाही हसले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण हसावं मात्र लागतं.

शेवटी ताईला फोन केला. "तू ये की रे, तुला कोण नाही म्हणतंय?" ती म्हणाली. "पण कुत्रं नको. यांचा दमा तुला ठाऊक आहे ना?"

पाच दिवस उरले, तेव्हा एजंटचा मेसेज आला. काका तेव्हा छापखान्यात, औषधाच्या माहितीपत्रकाचं प्रूफ वाचत होते. एजंटला विरामचिन्हांशी कधीच देणंघेणं नव्हतं: 'काका घर मिळतंय मालकीणबाई म्हणतात कुत्रा सोडून एकटे येत असाल तरच देईन'.

सवयीनं त्यांनी मनातल्या मनात 'सोडून'पुढं स्वल्पविराम घातला आणि ओळ पुन्हा वाचली. त्यांनी लगेच फोन लावला.

"अट पक्की आहे का रे?"

"एकदम पक्की. बाई हटूनच बसल्यात. याच अटीवरून आधीच्या तिघांना परत पाठवलंय त्यांनी. तुमचं नाव मी मुद्दाम पुढं केलं, काका. आता नाही म्हणू नका."

"थोडं समजावून पाहिलंस तर?"

"समजावायचं काय त्यात? तुम्हाला जमणार नाही का?"

काकांनी समोरचं प्रूफ उलटं करून ठेवलं. मग म्हणाले, "जमवतो."

छापखान्यात कागदाचा ट्रक घेऊन येणारा ड्रायव्हर जुना ओळखीचा. त्याच्या भावाला शेतावर राखणीला कुत्रा हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मुकादमाला स्वतः उचलून ट्रकमध्ये ठेवलं. तो आनंदानं सीट हुंगायला लागला. आपण फिरायला निघालोय असंच वाटलं असणार त्याला. दार लागलं तेव्हा तो काचेतून काकांकडे बघत राहिला. ते चढत का नाहीत, हेच त्याला कळेना. ट्रक वळल्यावर काका रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्याच संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला. "काका, कसं सांगू? डिझेल भरायला थांबलो होतो. दोरी कुरतडून पळाला हो. पार दिसेनासा होईपर्यंत मागं धावलो."

"कुठल्या दिशेला?"

"आलो त्याच. तुमच्याकडेच निघाला असणार."

दोनशे किलोमीटर. मध्ये दोन नद्या आणि हमरस्त्यावरची धडाधड वाहनं. काकांनी रजा टाकली आणि तीन दिवस बसनं, रिक्षानं, पायी तो रस्ता धुंडाळला. हाका मारून घसा बसला. भलतेच कुत्रे धावत आले, मुकादम नाही. चौथ्या दिवशी खोल्या रिकाम्या करायच्याच होत्या. जिन्यात किल्ली देताना ते मालकाला म्हणाले, "तो आलाच तर हाकलू नका. मला कळवा." मालकानं त्यांचा हात हातात घेतला. दुसरं तो तरी काय करणार?

नवं घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढं अंगण, भोवती कुंपण. काका दोन बॅगा घेऊन दारात उभे राहिले. घंटा तीनदा वाजवली, मग दार ठोठावलं, तेव्हा कुठं मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या, हसऱ्या, पांढऱ्या केसांच्या.

"जरा मोठ्यानं बोला हं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू कमी येतं. दाराशी कोण आलं, कोण गेलं, काही पत्ता लागत नाही बघा."

"एजंटनं पाठवलंय," काका बसलेल्या आवाजात जमेल तेवढं ओरडले. "तुमच्या अटीप्रमाणे आलोय. एकटाच."

बाईंनी त्यांच्या मागं पाहिलं. फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावरही डोकावून आल्या. चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"अगदीच एकटे?" त्या म्हणाल्या. "अहो, मी एजंटला चांगलं बजावून सांगितलं होतं, कुत्रा सोडून दुसरं कुणी नको म्हणून. कुठाय तो?"