पाच राजदूत आणि भरीत

"बेबाबाई, खोटं वाटेल तुला, पण एरंडोलच्या मळ्यात मला पाच देशांच्या राजदूतांनी अडवून ठेवलं!" उशिराचं कारण मी दारातूनच बायकोला सांगून टाकलं. डॉक्टरांनी तेलकट-तिखट बंद केल्यापासून तिचा माझ्यावर पहारा असतो.

"कशाला अडवलं?"

"त्यांच्यासोबत एक परदेशी बंडखोर होता. त्याला त्याच्या देशाचा खरा पुढारी मानायचं की नाही, हेच ठरेना. पंगतीत पहिला घास घ्यायला सगळे लाजतात ना, तसे पाचही जण 'आधी तुम्ही मान्यता द्या' करत बसलेले. मी म्हटलं, याच्या हातात भरताचं पातेलं द्या, वाढू द्या. पठ्ठ्यानं कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणाऱ्या सालदार गड्याला आधी वाढलं आणि स्वतः शेवटी जेवला. मी मान डोलावली, की पाचही देशांची मान्यता!"

"आणि तुम्ही जेवले?"

"छे! मी पंच. पंचानं घास घेतला तर निकाल बाटतो. नुसता वास घेतला, तुझी शपथ."

बेबाबाई जवळ आली आणि माझं तोंड निरखून पाहत थेट अहिराणीवर आली.



"मंग मिशीले लागेल कांदानी पात कोन्ता देशनी शे?"