टिकलीचं बटण

“काका, बाकी कुठंही हात लावा, पण या लाल बटणाला नाही,” महेश म्हणाला. “ही चकती बघायच्या बाजूलाच ठेवायची. ती चुकून शूटिंगकडे फिरली आणि हे दाबलं गेलं, की कॅसेटवरचं सगळं पुसलं जाणार.”

सावळीरामनं कॅमेरा मांडीवर धरला होता, नवजात पोराला धरावं तसा. देवळाली कॅम्पातल्या महेशच्या दुरुस्तीच्या दुकानात त्याचा हा दुसरा फेरा. कॅमेरा मोतीरामचा, म्हणजे सावळीरामच्या साडूचा. तो फौजेत होता तेव्हाचा. परवा घर आवरताना सापडला, आत कॅसेट तशीच. कॅसेटवर ओम.

ओम सावळीरामचा एकुलता एक. आठव्या वर्षी तापानं गेला, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. त्याचा म्हणून घरात एक फोटो होता, तोही शाळेतला, भेदरलेल्या चेहऱ्याचा.

“बघून झालं की कॅसेट मागं फिरवून ठेवायची. काचेवर झाकण लावायचं. ओल, धूळ, ऊन, काही लागू द्यायचं नाही. आणि लाल बटणावर काहीतरी चिकटवा, म्हणजे अंगठ्याला आपोआप कळेल.”

“आन आवाज?”

“स्पीकर गेलाय. पार्ट मागवलाय, आला की फोन करतो.”

घरी आल्यावर सावळीरामनं बायकोकडं टिकली मागितली.

“अगं बाई! यंत्राला कुंकू लावता का काय आता?” चतुराबाई हसली. किती दिवसांनी हसली! साखरेनं तिचे डोळे गेले तेव्हापासून ती फुलं नुसत्या बोटांनी निवडायची, माणसं पावलांवरून ओळखायची. तिनं चाचपून पाकिटातली टिकली काढली आणि सावळीरामनं ती लाल बटणावर लावली. “ह्या टिकलीला हात लावायचा नाय,” त्यानं बजावलं. “नायतर पोरगं पुसलं जाईल.”

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली. इवल्याशा पडद्यावर झेंडूच्या वाफ्यात ओम उभा राहिला, डोक्यावर बापाची टोपी. सावळीरामनं पडदा डोळ्यांजवळ नेला. पण बायको वाट बघत होती, म्हणून तो सांगत गेला.

“टोपी डोळ्यावर आली बघ त्याच्या. आता वर करतोय. जीभ दाखवतोय मोतीरामला. लबाड!”

“आन मग?”

“मग काय, पळाला बांधावरनं.”

“काय बोलतोय ओ?”

“त्ये स्पीकर आल्यावर कळल.”

“कधी येतो त्यो मेला स्पीकर?” चतुराबाई म्हणाली. “तुमाला दिसतोय तरी. मला निस्ता आवाज भेटला असता तरी लय झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी सावळीराम फुलं घेऊन बाजारात गेला, तो दुपार कलल्यावर परतला. कॅमेरा फळीवरच होता, फडक्यात गुंडाळलेला. फडक्याची घडी नीट चौपदरी.

“आज राहू द्या,” चतुराबाई म्हणाली. “दमला असाल.”

“त्याला बघायला कसला आलाय दम?”

बॅटरी पार उतरली होती. जुनीच ती, काय टिकणार! त्यानं वायर लावली, कॅमेरा सुरू केला. पडदा काळा. त्यानं पुढं नेऊन पाहिलं. काळाच. मग अंगठा लाल बटणावर गेला. टिकली नव्हती.

काल बंद करताना आपलाच हा राकट अंगठा पडला असणार. झाकण लावलं, अंधारात चकती फिरली, बटण दाबलं गेलं. वीस वर्षांनी पोर घरी आलं होतं आणि आपण त्याला एका रात्रीत हाकलून दिलं. आपल्या तोंडात मारून घ्यावी असं त्याला झालं.

“लागला का?” चतुराबाईनं विचारलं.

“लागला की,” सावळीराम म्हणाला. “ह्यो बघ, वाफ्यात उभा हाय.”

तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

“टोपी हाय का डोक्यावर?”

“हाय ना.”

मग रोज संध्याकाळी हेच. काळ्या पडद्याकडं बघत तो सांगायचा, ती ऐकायची. स्पीकरचं नाव मात्र तिनं पुन्हा काढलं नाही. एकदा महेशचा फोन आला तर म्हणाली, “कशाला हेलपाटा? तुमी सांगता तेच बरं हाय.” देवच पावला, असं सावळीरामला वाटलं. बोलता बोलता एके दिवशी त्यानं ओमला पेरूच्या झाडावर चढवलं. असं कॅसेटवर कधी नव्हतंच. तो दचकून थांबला.

“पडल हां तो,” चतुराबाई म्हणाली. “जपून उतर म्हणावं.”

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आंधळ्या माणसाला फसवतोय आपण, तेही तिच्या पोरावरून. सकाळ होताच त्यानं कॅमेरा पिशवीत घातला आणि कॅम्पाची बस धरली.

“पुसलेलं परत येतं का रे, महेश?”

“नाही, काका. वरून दुसरं शूट झालं की गेलंच ते.”

सावळीराम दुकानातच रडायला लागला. महेशनं पाणी दिलं, आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून स्पीकर बसवायला घेतला.

“काय उपयोग त्याचा?” सावळीराम म्हणाला. “निस्तं काळं हाय.”

“झाकण लावून शूट झालंय म्हणून काळं. आवाज असेल त्यात.”

महेशनं कॅसेट पहिल्यापासून लावली. आधी कोंबड्यांची कलकल आली. दिवसाउजेडीची. मग बांगड्या वाजल्या.

“ओम... बोल की रे राजा. त्यांना दिसतोस, मला निस्ती हाक तरी मार. चकती बी फिरवून बघितली. कुठलं बटण हाय तुझं? ह्ये का?”

सावळीराम उठून उभा राहिला.

“बोल ना रे... अगं बाई! ही टिकली आली हातात. टिकलीचं बटण दाबलं का काय मी?”

मग बराच वेळ नुसतं रडणं, तोंडात पदर कोंबून केलेलं. महेशनं बंद करायला हात पुढं केला, तो सावळीरामनं धरला. स्पीकर खरखरला आणि चतुराबाई अगदी हळू बोलली.

“ओम, बाळा, तुझ्या बाबांना नको सांगू हं.”